हँडलबार बॅग घेताना आधी तोल पाहा, मग आकार

पुणे - सुटीच्या दिवशी पहाटे स्वारगेट ओलांडून कात्रजच्या चढाला लागणाऱ्या सायकलींच्या हँडलवर एखादी छोटी बॅग दिसतेच. मोबाईल, पैसे, कॅमेरा, खाऊ असे वारंवार लागणारे सामान न थांबता हाताशी यावे, हा तिचा उपयोग. ती विकत घेताना मात्र पहिली चौकशी "किती लिटरची?" अशी होते. प्रत्यक्षात घाटाचा उतार सुरू झाला, की प्रश्न लिटरचा राहत नाही, तोलाचा होतो.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर अंतर कापून सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. प्रवास एवढा मोठा असो वा महाबळेश्वरपर्यंतचा दोन दिवसांचा, कोणते सामान सायकलवर कोठे ठेवायचे, हा निर्णय टळत नाही.

तोल का जातो?
कॅरिअरवरचे ओझे सायकलच्या सांगाड्यावर असते. हँडलवरचे ओझे मात्र हँडलबरोबर वळते. बॅग जितकी जड आणि हँडलपासून जितकी पुढे, तितके हँडल वळवणे व पुन्हा सरळ करणे अवघड जाते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना रस्ता साडेपाचशे मीटरांहून अधिक खाली येतो. अशा उतारावर सैल बॅग डोलू लागली, तर पुढचे चाक थरथरू शकते. अशा वेळी हँडल आवळून न धरता गुडघे मधल्या दांडीला घट्ट टेकवावेत आणि वेग हळूहळू कमी करावा. म्हणूनच या बॅगेत साधारण तीन किलोंपेक्षा जास्त वजन न भरणे चांगले. कुलूप, हत्यारे, पाण्याच्या जादा बाटल्या यांची जागा मागे कॅरिअरच्या बाजूच्या बॅगांत, तळाशी असावी.

जोडणीचे तीन प्रकार
पहिला प्रकार खटक्याचा. हँडलवर पक्की केलेली पकड आणि तिच्यात अडकणारी बॅग. चहा-मिसळीसाठी थांबल्यावर एका दाबात ती काढून पैसे, कागदपत्रांसह आत नेता येते. शहरी सायकलस्वाराला हा सोयीचा. मात्र पकडीवर किती वजन चालते, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे. हँडल कार्बनचे असेल, तर त्यावर अशी पकड आवळण्यास हँडलच्या उत्पादकाची मुभा आहे का, याची खात्री आधी करावी.

दुसरा प्रकार पट्ट्यांनी बांधायच्या वळकटीचा. ती हलकी असते आणि हँडलला चिकटून बसते. स्लीपिंग बॅग, जर्किन अशा फुगीर पण हलक्या वस्तूंना ती उत्तम. मात्र प्रत्येक थांब्यावर ती सोडणे जिकिरीचे असल्याने मौल्यवान वस्तूंसाठी उपयोगाची नाही.

तिसरा प्रकार जुन्या फ्रेंच पद्धतीचा. यात पुढच्या चाकावरील लहान कॅरिअरवर बॅग टेकते. ओझे खाली राहते, डोलणे कमी होते. मात्र त्यासाठी पुढच्या चिमट्याला कॅरिअर बसवण्याची सोय लागते.

आधी मोजमाप
दुकानात सायकल घेऊन जाणेच श्रेयस्कर. रेसिंगच्या वळणदार हँडलमध्ये दोन्ही बाजूंच्या मधली जागा मोजावी. बॅग रुंद असेल, तर ब्रेकच्या दट्ट्यापर्यंत बोटे नीट पोचत नाहीत. ब्रेक व गिअरच्या केबल बॅगेमागे दबल्या, तर ब्रेक जड लागतो आणि गिअर नीट पडत नाहीत. बॅगेचा तळ आणि टायर यांत भरपूर अंतर हवे. पुढे शॉकअप असलेल्या सायकलीत खड्ड्यात चिमटा दबतो आणि बॅग टायरला घासू शकते. हँडलवरचा दिवा बॅगेने झाकला जात असेल, तर त्याची जागाही बदलावी लागेल.

पावसाचा विचार
ताम्हिणीच्या पावसात शिवणीतूनच पाणी शिरते. कापड जलरोधक असूनही शिवण उघडी असेल, तर उपयोग होत नाही. सांधे उष्णतेने जोडलेली आणि तोंड गुंडाळून बंद होणारी बॅग जास्त भरवशाची. पण धावत्या सायकलवर ती एका हाताने उघडणे कठीण. झाकणाची बॅग वापरायला सोपी, पण तिला वेगळे पावसाळी आवरण हवे.

शेवटची परीक्षा
रिकामी बॅग कोणत्याही सायकलवर छानच बसते. त्यामुळे मोठ्या सहलीपूर्वी ती प्रवासाच्या सामानाने भरून, वजन करून ओळखीच्या छोट्या उतारावर चालवून पाहावी. ब्रेक दाबल्यावर ती पुढे झुकते का, खड्ड्यात उसळते का, हँडल एका बाजूला ओढले जाते का, हे पाहावे. यातील एका प्रश्नाचे उत्तरही 'हो' आले, तर सामान कमी करावे किंवा जोडणी बदलावी. ही चूक घाटात कळण्यापेक्षा घराजवळ कळलेली बरी.