फॉन्ड्यूचे भांडे एक, वाट्या वेगळ्या

वितळलेल्या चॉकलेटचे भांडे मधोमध ठेवायचे, भोवती फळांच्या फोडी आणि केकचे तुकडे मांडायचे आणि सगळ्यांनी काट्याने बुडवून खायचे, असा हा चॉकलेट फॉन्ड्यू. हा शब्द ‘वितळणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. मूळ पदार्थ स्वित्झर्लंडचा आणि चीजचा. चॉकलेटचा प्रकार १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील स्विस हॉटेलचालक कोनराड एग्ली यांनी पुढे आणला, असे मानले जाते.

एकत्र बसून खाण्याचे नगरकरांना अप्रूप नाही. थंडीत आगटीभोवती बसून हुरडा खाल्ला जातोच. पण हुरडा ज्याच्या त्याच्या ओंजळीत पडतो, फॉन्ड्यूचे भांडे मात्र सगळ्यांचे एकच असते. म्हणूनच घरी हा बेत करताना दोन प्रश्न येतात. महागाचे चॉकलेट न बिघडता वितळवायचे कसे? आणि एका भांड्यात सात-आठ जणांनी बुडवून खाणे आरोग्याला कितपत बरे?

पांढरी पडलेली लादी

चॉकलेटमधील स्निग्ध पदार्थ म्हणजे कोको बटर. चांगल्या चॉकलेटमध्ये ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश, म्हणून चॉकलेट हातात टिकते आणि जिभेवर विरघळते. अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत कपाटातले चॉकलेट दुपारी मऊ पडते, रात्री पुन्हा घट्ट होते आणि त्यावर पांढरट थर दिसू लागतो. अनेक घरांत ही बुरशी समजून लादी फेकली जाते. प्रत्यक्षात ते पृष्ठभागावर येऊन गोठलेले कोको बटर असते आणि खायला सुरक्षित असते. असे चॉकलेट फॉन्ड्यूला उत्तम, कारण ते वितळवायचेच आहे. थर केसाळ किंवा हिरवट असेल, कुबट वास येत असेल, तर मात्र ते टाकून द्यावे.

पाण्याचा एक थेंब

घरी सर्वाधिक फसगत होते ती ओल्या भांड्यामुळे. चॉकलेट म्हणजे स्निग्ध पदार्थात विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाण्याचे चार थेंब पडले, की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पातळ चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा होतो. गंमत म्हणजे यावर उपाय आणखी द्रव घालणे हाच. कोमट दूध चमचा-चमचा घालून ढवळले, की साखर विरघळते आणि मिश्रण पुन्हा सैल होते.

फॉन्ड्यूत सुरुवातीलाच पुरेसे दूध किंवा क्रीम घातले जाते, म्हणून तो तुलनेने सोपा. सहा जणांसाठी २०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्यावे. १०० मिलिलिटर क्रीम किंवा सायीचे दूध कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओतावे. दोन मिनिटे हात लावू नये. मग मधून कडेकडे हलक्या हाताने ढवळावे. घट्ट वाटल्यास थोडे कोमट दूध वाढवावे. चॉकलेटचे भांडे थेट गॅसवर ठेवू नये, तळाशी साखर आणि दुधातील प्रथिने करपतात.

दूध आणि साखर या जिल्ह्यात मुबलक. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घातला गेला आणि संगमनेर, राहुरी, अकोले भागांत दुधाचा धंदा घरोघरी आहे. कोको मात्र बाहेरूनच येतो. विषुववृत्तापासून वीस अंशांच्या पट्ट्यात कोको पिकतो आणि नगर एकोणीस अंशांवर असले, तरी पर्जन्यछायेतील कोरडी हवा त्याला मानवत नाही. भारतात तो केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत घेतला जातो.

लेबलवर काय पाहावे

बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच लाद्या ‘कंपाउंड’ असतात. त्यांत कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतात. अन्नसुरक्षा नियमांनुसार चॉकलेट म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात कोको बटरखेरीज अन्य वनस्पतिजन्य स्निग्धांश ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कंपाउंडचा फॉन्ड्यू होतो, पण तो तोंडात मेणचट लागतो आणि त्यातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो. घटकांच्या यादीत ‘कोको बटर’ आहे की ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’, एवढे पाहिले तरी फरक कळतो.

उष्टे आणि विज्ञान

आपल्या स्वयंपाकघरात उष्ट्याचा नियम जुना आहे. एकदा तोंड लावलेला घास पुन्हा सामायिक भांड्यात बुडवल्यावर काय होते, हे अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात प्राध्यापक पॉल डॉसन यांनी विद्यार्थ्यांसह तपासले. चावलेले बिस्किट पुन्हा बुडवल्यावर तोंडातील जिवाणू भांड्यात उतरलेले आढळले. टोमॅटोच्या पातळ साल्सात ते अधिक सापडले, घट्ट चॉकलेटमध्ये कमी. पातळ पदार्थ घासावरून ओघळून भांड्यात परत पडतो, घट्ट पदार्थ घासालाच चिकटून राहतो. म्हणजे चॉकलेटमध्ये धोका कमी, पण शून्य नाही. कोणाला सर्दी-खोकला असेल किंवा ओठांवर फोड आले असतील, तर तो वाढतो.

यावरचा तोडगा सोपा आहे. मधल्या भांड्यात पळी ठेवावी आणि प्रत्येकाने आपल्या वाटीत दोन-तीन चमचे घेऊन खावे. बसणे एकत्रच होते, उष्टे मात्र आपापले राहते. मोठ्या भांड्याखाली मेणबत्ती लावण्यापेक्षा गरम पाण्याच्या पातेल्यात ते ठेवणे लहान मुलांच्या घरात अधिक सुरक्षित. नगरच्या उन्हाळ्यात तेही फारसे लागत नाही, डिसेंबरच्या थंडीत मात्र पाणी दोनदा बदलावे लागते.

दूध मिसळलेले मिश्रण कोमट राहते, तेव्हा जिवाणूंनाही ते मानवते. म्हणून ते दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तर एक तासच. उरलेले उष्टे नसेल, तरच फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे.

वाटा किती?

बुडवायला राहात्याचे पेरू, केळी, सफरचंद, बिनसाखरेचे खारे बिस्किट असे काहीही चालते. धुतलेली फळे फडक्याने कोरडी करावीत, ओल्या फोडीला चॉकलेट धरत नाही. लहान मुलांना अख्खे दाणे, बदाम किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत, ती घशात अडकू शकतात. पाळीव कुत्र्याला चाटूही देऊ नये, कोकोतील थिओब्रोमिन त्याला विषारी ठरते.

फळे आहेत म्हणून फॉन्ड्यू पौष्टिक होत नाही. मिल्क चॉकलेटमध्ये जवळपास निम्मी साखर असते. म्हणजे २०० ग्रॅममध्ये सुमारे १०० ग्रॅम, सहा जणांत प्रत्येकी १६-१७ ग्रॅम, साधारण चार चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. ७० टक्के कोको असलेले डार्क चॉकलेट घेतले, तर हाच वाटा १० ग्रॅमवर येतो.

घरात मधुमेह असलेले आजी-आजोबा असतील, तर त्यांना पंगतीतून उठवण्याची गरज नाही. डार्क चॉकलेटचा एक चमचा आणि पेरूच्या फोडी त्यांच्या वाटीत वाढाव्यात आणि तो चमचा दिवसाच्या आहारात मोजावा. ‘शुगर फ्री’ चॉकलेटवर मात्र भिस्त ठेवू नये. त्यातील माल्टिटॉलही रक्तातील साखर काही प्रमाणात वाढवते आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. वेगळ्या वाटीचा हा आणखी एक फायदा: कोणी किती खाल्ले, हे समोर दिसते.