आसने, उपास आणि वजनाचा जमाखर्च

सकाळी सहाच्या सुमारास सतरंज्या अंथरून योगवर्गास बसणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या मनात जी एक आशा असते, की पश्चिमोत्तानासनात पोट दाबले गेले म्हणजे पोटावरचीच चरबी उतरेल आणि कपालभातीच्या प्रत्येक झटक्यासरशी कमरेचा घेर सुताभर आटेल, ती कितीही मनोहर असली तरी शरीराच्या दफ्तरात तिची नोंद नाही. ज्या अवयवावर ताण पडतो त्याच अवयवातला मेद खर्ची पडत नसतो. तो साऱ्या देहातून रक्तावाटे स्नायूंकडे जातो, आणि कोणत्या भागातून आधी उतरावा हे आनुवंशिकता, वय आणि संप्रेरके ठरवितात. आसनांनी पोटाचे स्नायू सुदृढ होतात, बसण्या-उभे राहण्याची ढब सुधारते आणि कंबर सडपातळ भासते, एवढे मात्र खरे.

घाम गळला म्हणजे चरबी गळली, हा समज तर याहूनही भाबडा आहे. काट्यावर घटलेला पाव किलो दोन पेले पाणी पिताच परत जमा होतो. संथ हठयोगाच्या एका तासात सत्तर किलो वजनाच्या स्त्रीचे सुमारे १७५ उष्मांक खर्च होतात, त्यांतील ७० तर ती नुसती बसून राहिली असती तरी झालेच असते. आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांकांचे मुद्दल असते, म्हणजे आहारात काडीचा फेरफार न करता, रोज एक तास न चुकता आसने केली, तर तेवढे मुद्दल फेडावयास कागदावरच अडीच महिने लागावेत.

मग उपासाकडे वळावे, तर तेथे एकादशी आणि दुप्पट खाशी! शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्याचे ३५० उष्मांक, मूठभर दाण्याच्या कुटाचे दोनशेच्या घरात, चमचाभर तुपाचे शंभरावर; ही खिचडी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, आमटी आणि पालेभाजी यांच्यापेक्षा हलकी नव्हे, आणि साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने त्यात प्रथिने नावापुरतीच. याउलट ज्या कडकडीत उपाशी राहतात, त्यांचे पहिल्या आठवड्यातील घटलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते, कारण यकृतात व स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि तो साठा प्रथम संपतो. पुढे उपासमार लांबली की स्नायूंचीही झीज होते. आठवड्याला अर्धा किलो, हाच टिकाऊ वेग.

वस्तुतः आसनांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी स्वात्मारामाची हठप्रदीपिका उघडून पाहावी. कपालभाती तेथे षट्कर्मांत, शुद्धिक्रियांत गणली आहे, आणि ज्यांच्या ठायी मेद व कफ अधिक त्यांनी प्राणायामापूर्वी या क्रिया कराव्यात असेही म्हटले आहे, तेव्हा आजच्या समजाला थोडा आधार आहे हे नाकारता येत नाही. परंतु त्याच ग्रंथात यमांमध्ये श्रेष्ठ म्हणून मिताहाराचा दाखला दिला आहे, आणि मिताहार म्हणजे पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवणे, हेही सांगितले आहे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीस लावावयास घेतल्या, त्यालाही शतक लोटले. (गर्भवतींनी आणि उच्च रक्तदाब असलेल्यांनी कपालभातीचे जोरदार झटके टाळावेत, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.)

'मी तशी जाड नाही' हा समजही तपासावा. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन अधिक मानतात, आणि स्त्रीची कंबर ८० सेंटीमीटरपलीकडे गेली की सावध व्हावे, कारण आपल्याकडे मधुमेह तुलनेने कमी वजनातच गाठतो.

तरीही योगाभ्यासाची शिफारस मी करीनच, पण निराळ्या खात्यावर. झोप शांत लागते, कंबर-गुडघे चालण्यास राजी होतात, आणि उदास वा त्रासलेल्या मनाने खाण्याची ओढ पुष्कळशी ओसरते. रात्री पातेल्याच्या तळाशी उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून जी गृहिणी उभ्या उभ्या संपविते, तिच्या त्या चार घासांची नोंद तिच्या स्वतःच्याही हिशेबात नसते. पोट भरल्याची जाणीव तिला त्या घटकेस होऊ लागली, तर तो भात झाकून गारव्यास ठेवता येतो, आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात घरातल्या सर्वांना वाटून जातो.