सहलीतून वगळलेली माणसं

दिवाळीत पुण्याच्या पुतण्याने सगळ्या कुटुंबासाठी खोपोलीच्या इमॅजिका पार्कची तिकिटं काढली आणि त्यात मायचं नाव नव्हतं. त्याने ते लपवलंही नाही. ‘काका, आजीला तिथे झेपणार नाही. तिला आपण शिर्डीला वेगळं नेऊ,’ असं फोनवर सरळ सांगितलं, आणि त्याच्या बोलण्यात काळजीच होती. मायला विचारलं तर तीही म्हणाली, ‘मले काय करायचं तठी? जा तुम्ही.’ ती रुसली असती तर समजूत काढता आली असती. ती इतक्या सहज बाजूला झाली, हेच मला लागलं. यावलच्या आमच्या घरातून म्हाताऱ्या माणसाला मागे ठेवून सहल निघाली, ती पहिल्यांदाच.

आमच्याच घरचं हे दुखणं नाही. यावल, फैजपूर, रावेर, सावदा, कुठेही विचारा. मुलगा-सून पुण्याला किंवा नाशिकला, नातवंड एक किंवा फार तर दोन, आणि गावच्या घरात सत्तरी ओलांडलेलं जोडपं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं शंभरात जवळपास दहा होती. देशाची सरासरी साडेआठच्या आसपास होती. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की राज्यात 1992-93 मध्ये बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, ती 2019-21 पर्यंत 1.7 वर आली. म्हणजे घरात आजी-आजोबा वाढले आणि नातवंडं कमी झाली. मग सहल म्हाताऱ्यांच्या बेताने आखली जायला हवी होती. झालं उलटंच. एकुलत्या नातवाला जे हवं तिथे घर जातं, आणि ज्यांना झेपत नाही ते घर राखतात.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, कारण सहल नावाची वेगळी गोष्ट नव्हती. मनुदेवीची यात्रा होती, अट्रावलचा मुंजोबा होता, गुरुपौर्णिमेला गावातच व्यासांच्या मंदिरात गर्दी व्हायची. आजी नवस फेडायची, आम्ही आकाशपाळण्यात बसायचो. 1989 मध्ये मुंबईला गोराईत एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि टीव्हीवरच्या जाहिरातीने आमच्या पिढीला पहिल्यांदा वेड लावलं. डोंबिवली-मुलुंडला नातेवाईक असलेली मुलं मे महिन्यात जाऊन यायची, बोटीतून जावं लागतं म्हणून सांगायची, आणि बाकीचे ऐकायचे. म्हातारी माणसं तिथे जातच नव्हती, कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

सांगण्यासारखं आहे ते त्यानंतरचं दशक, शेगावच्या आनंदसागरचं.

गजानन महाराज संस्थानने जिथे आनंदसागर उभारला, विदर्भाच्या त्या कोपऱ्यात पाण्याची कायमची ओढ. त्याच मातीत मोठा तलाव, तलावातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवरचं ध्यानकेंद्र, संतांचे पुतळे, मत्स्यालय, झाडीतून फिरणारी छोटी आगगाडी, मुलांसाठी झोपाळे-घसरगुंड्या, संध्याकाळी कारंजी. तिकीट मोजक्या रुपयांचं. आवार इतकं स्वच्छ की मुलांच्या हातातलं कागदाचं चिटोरं आपोआप खिशात जायचं. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी प्रत्येक वळणावर उभे, आणि ते ‘माउली’ म्हणून हाक मारायचे. संस्थानचा कारभार ज्यांनी त्या शिस्तीला नेला, ते शिवशंकरभाऊ पाटील 2021 च्या ऑगस्टमध्ये गेले. मला त्यांच्या व्यवस्थापनाची थोरवी कुठल्या पुरस्कारावरून कळली नाही. माझ्या मायला तिथे दिवसभरात एकदाही कुणाला ‘बसायला कुठे आहे?’ असं विचारावं लागलं नाही, त्यावरून कळली.

आमचा क्रम ठरलेला असायचा. केळीच्या कांदेबागेची लागवड उरकली की दिवाळीनंतरच्या थंडीत निघायचं. मेमध्ये खानदेशात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्यांना घेऊन कुठे जाण्यात अर्थ नसतो. पहाटे भुसावळ गाठायचं, तिथून नागपूरकडे जाणारी गाडी धरायची, मलकापूर, नांदुरा आणि मग शेगाव. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याच्या भाकरी. उतरल्यावर मुलांचं पहिलं लक्ष स्टेशनवरच्या कचोरीकडे, मायचं मंदिराकडे. रांगेतून दर्शन, महाप्रसाद, भक्तनिवासात दादांचं, म्हणजे वडिलांचं, दुपारचं आडवं होणं, आणि उन्हं कलली की सगळे मिळून आनंदसागर.

त्या संध्याकाळी मी पाहिलंय ते असं. आगगाडीत एका बाकावर दादा आणि माझा धाकटा, समोर माय आणि तिच्या मांडीवर पुतण्या. होय, तोच, ज्याने आता तिकिटं काढली. गाडी सुरू झाली की मुलं जितकी ओरडायची तितकीच माय हसायची. मत्स्यालयात मासा दाखवायचं काम तिचं. बेटावर ध्यानाला दादा बसायचे तेव्हा मुलांना गप्प ठेवायचं काम आमचं, आणि आश्चर्य म्हणजे मुलं गप्प राहायचीही. कुणी कुणासाठी तिथे आलेलं नव्हतं. आजी नातवासाठी थांबलेली नव्हती, नातू आजीसाठी अडकलेला नव्हता. दोघांचा दिवस एकच होता.

त्या काळात आमच्या ओळखीतले शिकले-सवरलेले लोक मला ऐकवायचे की मुलांना देवदेव कसलं दाखवता, त्यांना मोठ्या राइडवर बसवा, जग दाखवा. तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो. त्या मुलांनी जग नंतर पाहिलंच, परदेशही पाहिले. पण आजीचा हात धरून हळू चालायला ती शेगावात शिकली. मोठ्या पार्कात हे शिकवलं जात नाही, कारण तिथे आजी नसतेच.

मग आनंदसागर बंद झाला. काही वर्षं फाटक लावलेलं होतं. पुढे आध्यात्मिक केंद्र म्हणून तो पुन्हा उघडला, तिथे शांतता आहे, झाडी आहे आणि जाण्यासारखं नक्कीच आहे. पण खेळ आणि ध्यान एकाच आवारात नांदायचे, तो जुना मेळ राहिला नाही. विदर्भ-खानदेशातल्या सामान्य घरांचं यात केवढं नुकसान झालं, यावर कुणी फारसं लिहिलं नाही. मुंबईत एस्सेल वर्ल्डच्या राइड थांबल्या तेव्हा केवढ्या आठवणी छापून आल्या. शेगावच्या छोट्या आगगाडीसाठी कुणी हळहळलं नाही, कारण तिच्यात बसणारे बहुतेक मलकापूर, जामनेर, यावलचे होते.

मोठी पार्कं तोवर आलीच होती. 2013 मध्ये खोपोलीला इमॅजिका उभं राहिलं, पुढे ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. शिर्डीत याच समूहाचं साई तीर्थ आहे, भक्तीचं थीम पार्क: बसल्या बसल्या देशभरातल्या देवळांची सफर, लंकादहनाचा खेळ, साईबाबांची बोलकी मूर्ती. म्हाताऱ्या माणसांचा विचार त्यात दिसतो आणि तो मला मनापासून आवडला. शेजारीच वॉटर पार्क आहे. पण आमच्या भागातून गेलेली कुटुंबं तिथे पोहोचली की दोन वाटांनी जातात. आजी-आजोबा साई तीर्थात, मुलं-नातवंडं पाण्यात, आणि संध्याकाळी गाडीपाशी भेट. एका गावात जाऊनही दोन सहली होतात.

मी एका पार्कात (नाव घेत नाही) मायला घेऊन गेलो होतो. प्रत्येक राइडपाशी मुलांची उंची मोजायला पट्टी होती. गुडघ्यांसाठी काहीच नव्हतं. रांगेत बसायला कट्टा नाही, सावली तुटक, आणि जेवण असं की दात नसलेल्या माणसाने काय खावं हा विचार कुणी केलेलाच नाही. तिकिटात ज्येष्ठांना सवलत होती, ती माणूस आत येईपर्यंतच कामाची. त्यानंतर दिवसभर माय पिशव्या सांभाळत बसली. पुतण्या म्हणतो ते म्हणूनच खोटं नाही. तिला झेपणार नाही हे खरं आहे. पण झेपणार नाही असंच ते बांधलेलं आहे, हेही तितकंच खरं आहे.

आणि या धंद्याचा उगमच मुळी उलटा आहे. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुलींना चक्रात बसवून स्वतः बाकावर बसायचा. मुलं खेळतात आणि मोठी माणसं बाकावर ताटकळतात, तर दोघांना मिळून मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्याला तिथे सुचला असं त्याने पुढे सांगितलं. 1955 मध्ये डिस्नेलँड उघडलं ते त्यातून. आमच्याकडे त्या जागेची नक्कल आली, आणि माणूस पुन्हा बाकावरच बसला. फरक एवढाच की आता तो बापाऐवजी आजोबा आहे.

सरकारनेही या फाटाफुटीला हातभारच लावला. 2020 च्या मार्चमध्ये रेल्वेने ज्येष्ठांची सवलत थांबवली. साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 पुढच्या बायकांना 50 टक्के मिळायची, ती करोनाचं कारण सांगून गेली. करोना गेला तरी परत आली नाही. आमच्यासारख्या घरात शेगावचा बेत याच सवलतीवर उभा असायचा. उलट एसटीने 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला, पुढच्या वर्षी बायकांना अर्धं तिकीट केलं, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. यावलच्या स्थानकावर आज ज्या म्हाताऱ्या बाया हसतमुखाने गाडीत चढतात, त्या या सवलतीमुळे. पण त्या एकमेकींबरोबर जातात. 2024 मध्ये राज्याची तीर्थ दर्शन योजना आली, साठीपुढच्यांना माणशी 30 हजारांपर्यंत मदत. तीही मुख्यतः ज्येष्ठांसाठीच. सहल कंपन्या ज्येष्ठांच्या खास सहली काढतात, त्याही छान भरतात. प्रत्येक वयाला आपापली गाडी मिळाली. नातवाच्या शेजारची जागा मात्र कुठल्याच योजनेत नाही.

काही मित्र म्हणतात, म्हाताऱ्यांनाही हेच हवं आहे, समवयस्कांबरोबर त्या मोकळ्या होतात. त्यात तथ्य आहे. माय गावातल्या बायांबरोबर पंढरपूरहून आली तेव्हा चार दिवस तेच सांगत होती. पण तिने त्यात एकदाही तिच्या पतवंडाचं नाव घेतलं नाही, कारण त्याच्याबरोबरची सहल तिच्याकडे नाहीच. आणि त्या पोराला विचारा आजी काय करते, तर म्हणतो, ‘ती गावाला असते.’ माझ्या मुलाच्या वयाच्या मुलांना आजी म्हणजे आगगाडीत समोर बसलेली बाई होती. दोघांच्या आठवणीत केवढं अंतर पडलं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शेगाव संस्थानला विनंती, ती छोटी आगगाडी आणि मुलांचे खेळ पुन्हा सुरू करा. त्यासाठी आमच्या भागातली घरं वर्गणी द्यायला तयार होतील असा माझा विश्वास आहे. पार्कवाल्यांना विनंती, राइडच्या रांगेत कट्टे बांधा, आजी-नातवाला एकत्र बसता येईल अशा संथ गाड्या वाढवा, आणि एका ताटात वरण-भात मिळू द्या. आणि पुतण्याला मी कालच कळवलंय, पुढच्या दिवाळीचा बेत मी आखणार. तिकिटं काढण्याआधी मायला विचारायचं, आणि ती ‘जा तुम्ही’ म्हणाली तरी तिचं नाव यादीत घालायचं. जागा कोणती, ते त्यानंतर ठरवू.