गोड्या पाण्यातील पक्ष्माभिकाधारी एकपेशीय जीव

पक्ष्माभिकाधारी जीव हे शरीरावरील केसासारख्या सूक्ष्म पक्ष्माभिकांच्या साहाय्याने पोहणारे व अन्न मिळवणारे एकपेशीय सजीव होत. त्यांना सिलिएट असेही म्हणतात. त्यांच्या संघाचे शास्त्रीय नाव सिलिओफोरा असे आहे. तळी, विहिरी, ओढे, भातखाचरे आणि पावसाळी डबकी अशा सर्व गोड्या पाण्यांत ते आढळतात. पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेला पॅरामिशियम याच संघातील होय. मुक्तजीवी आणि इतर प्राण्यांच्या शरीरात राहणारे, तसेच गोड्या व खाऱ्या पाण्यातील मिळून या संघातील सुमारे ८,००० जातींचे वर्णन आजवर झाले आहे. या जाती जगभर सर्वत्र आढळतात की त्यांपैकी काही विशिष्ट प्रदेशांपुरत्याच मर्यादित आहेत, हा जीवभूगोलातील एक महत्त्वाचा वादविषय आहे.

शरीररचना

बहुतेक जाती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. मात्र स्पायरोस्टोममच्या काही जातींची लांबी ४ मिलिमीटरपर्यंत भरते व त्या नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात. पेशीत दोन प्रकारची केंद्रके असतात. मोठे केंद्रक दैनंदिन कार्यांचे नियंत्रण करते, तर लहान केंद्रक आनुवंशिक वारसा जपते. गोड्या पाण्यात पेशीत सतत पाणी शिरत असते. संकोचशील रिक्तिका ते बाहेर टाकते. प्रजनन पेशीच्या आडव्या विभाजनाने होते. संयुग्मनात दोन जीव काही काळ एकमेकांना चिकटून केंद्रकांची देवाणघेवाण करतात.

विविधता आणि अधिवास

एकाच तळ्यात अनेक प्रकारचे अधिवास असल्यामुळे तेथे बऱ्याच जाती एकत्र नांदू शकतात. व्हॉर्टिसेला देठाने पाणवनस्पतींना चिकटून राहतो आणि स्पर्श होताच देठ मळसूत्रासारखा आखडून घेतो. स्टेंटरचा आकार कर्ण्यासारखा असतो. डिडिनियम हा शिकारी असून तो पॅरामिशियमला अख्खाच गिळतो. पॅरामिशियम बर्सारियाच्या पेशीत हिरवी शैवाले राहतात व प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न त्याला पुरवतात. लोक्सोडिस कमी ऑक्सिजन असलेल्या थरात राहणे पसंत करतो. त्याच्या पेशीतील विशेष पुटिकांमुळे त्याला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते.

अभ्यासाचा इतिहास

डच निरीक्षक आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७० च्या दशकात हे जीव प्रथम पाहिले. ओटो फ्रीड्रिक म्यूलर यांचा १७८६ मधील आणि ख्रिस्टियान एहरेनबर्ग यांचा १८३८ मधील ग्रंथ यांनी वर्गीकरणाचा पाया घातला. भारतातील जातींची माहिती बी. एल. भाटिया यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील १९३६ च्या खंडात संकलित केली.

जातींची संख्या

दिसायला सारखे असलेले जीव एकाच जातीचे असतीलच असे नाही. ट्रेसी सोनबॉर्न यांनी १९३७ मध्ये पॅरामिशियम ऑरेलियात संयुग्मनाचे भिन्न प्रकार असल्याचे दाखवले. पुढील संशोधनातून, एक जात समजल्या जाणाऱ्या या जीवाचे परस्परांत प्रजनन न करणारे अनेक गट असल्याचे सिद्ध झाले. १९७५ मध्ये सोनबॉर्न यांनी अशा १४ गटांना स्वतंत्र जातींची नावे दिली.

त्यामुळे जात कशाला म्हणावे यावर एकूण संख्या अवलंबून राहते. ब्लँड फिनले व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील मुक्तजीवी जाती सुमारे ३,००० असाव्यात असे मानले, तर विल्हेल्म फॉइस्नर यांचा अंदाज सुमारे ३०,००० जातींचा होता.

भौगोलिक वितरण

सूक्ष्मजीव सर्वत्र पोहोचतात व त्यांतील कोणते तगावेत हे केवळ परिसर ठरवतो, असा सिद्धांत बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये मांडला. फिनले आणि टॉम फेंचेल यांनी त्याचा पुरस्कार केला. आकार लहान व संख्या अफाट असल्यामुळे हे जीव वारा, पाणी व पक्ष्यांबरोबर दूरवर जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. डबके आटल्यावर अनेक जाती स्वतःभोवती कठीण आवरण निर्माण करून सुप्तावस्थेत जातात. ही पुटी त्यांच्या प्रसाराला उपयोगी पडते.

फॉइस्नर यांनी याला आक्षेप घेतला. सर्वच जातींच्या पुट्या दीर्घ प्रवासात टिकत नाहीत. शिवाय काही जाती इतक्या मोठ्या व लक्षवेधी आहेत की, त्या युरोपात असत्या तर दोन शतकांच्या निरीक्षणांत नजरेतून सुटल्या नसत्या.

पुरावे दोन्ही बाजूंनी मिळतात. लोक्सोडिस रेक्स ही जात केवळ आफ्रिकेतील मानली जात होती. २००१ मध्ये तिची थायलंडमधील नोंद प्रसिद्ध झाली. एखादी जात एखाद्या प्रदेशात नोंदली गेली नाही म्हणजे ती तेथे नाही, असे म्हणता येत नाही, हे यावरून दिसते. उलट प्रयोगशाळांत जगभर वाढवल्या जाणाऱ्या टेट्राहायमेना थर्मोफिला या जातीच्या नैसर्गिक वसाहती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात आढळल्या आहेत.

महत्त्व

हे जीव जिवाणूंचे भक्षण करतात आणि स्वतः सूक्ष्म जलचरांचे अन्न बनतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत व्हॉर्टिसेलासारखे जीव मोकळे जिवाणू खाऊन पाणी नितळ करतात. कोणत्या जाती आढळतात यावरून पाण्याच्या प्रदूषणाचे मानही ठरवता येते. वितरणाच्या वादाचा संबंध संवर्धनाशीही आहे. सर्व जाती विश्वव्यापी असतील, तर एक तळे बुजल्याने कोणतीही जात नष्ट होणार नाही. मात्र काही जाती खरोखरच स्थानिक असतील, तर नाव मिळण्यापूर्वीच त्या कायमच्या नाहीशा होऊ शकतात.