मुदत भरल्यावर

बँकेत मी आयुष्यभर मुदतींचे हिशेब पाहिले. शरीरही मुदत पाळते, हे मात्र निवृत्तीनंतर कोकणात कळले. शेजारच्या मुलाला फुरसे चावले. वेळेवर इंजेक्शने मिळाली, मुलगा घरी आला. आणि दहाव्या दिवशी ताप, अंगावर गांधी, सुजलेले सांधे! घरचे म्हणाले, विष पुन्हा चढले.

ते विष नव्हते. सर्पविषावरचे औषध घोड्याच्या रक्तातून बनते. त्यातल्या परक्या प्रथिनांविरुद्ध आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते. त्याला दिवस लागतात. मग दोहोंच्या जुळण्या रक्तातून फिरत त्वचेत, सांध्यांत, कधी मूत्रपिंडांत अडकतात आणि दाह सुरू होतो. घटसर्पाच्या सीरमनंतर मुलांना होणारा हाच आजार व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक यांनी १९०५ मध्ये उलगडून दाखवला. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दही पिर्केचाच, १९०६ सालचा.

क्षयाच्या मांटू चाचणीत दोन-तीन दिवसांनी हातावर उठणारी गाठही अशीच उशिराची. पण ते काम प्रतिपिंडांचे नव्हे, पेशींचे.

तेव्हा इंजेक्शनला घाबरू नका. तेच जीव वाचवते. मात्र पुढच्या दोन आठवड्यांत असा ताप आला, तर मांत्रिक नको. रुग्णालयाचे कागद घेऊन डॉक्टरांकडेच जा. औषधाने हा त्रास बहुधा उतरतो.