पूर ओसरल्यावर घर कोणाचे?

चिपळूणला पूर नवा नाही. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी वसलेल्या या गावाने पाण्याशी जुळवून घेण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगी बाणविली आहे. तथापि २२ जुलै २०२१ च्या पुराने ती सवयही अपुरी ठरविली. बाजारपेठेतील तळमजले बुडाले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथ २००५ नंतर पुन्हा एकदा भिजले. पाणी ओसरते, चिखल उपसला जातो. मात्र भिजून खचलेली भिंत मालकाने बांधावयाची की भाडेकरूने, हा प्रश्न पंचनाम्याने सुटत नाही.

मालकाची बाजू प्रथम पाहिली पाहिजे, कारण ती सहसा कोणी पाहत नाही. युद्धोत्तर टंचाईत १९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा अर्धशतक टिकला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरविली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली खरी. पण मुळात नाममात्र असलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे किती? मालकाने दुरुस्ती टाळल्यास भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय त्याच कायद्यात आहे. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. महिना साठ रुपये भाडे धरले, तर हा हिस्सा एकशे ऐंशी रुपये होतो. त्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही. घरमालक म्हणजे गबर असामी, हा समज लहान गावांत पुष्कळदा खोटा ठरतो.

म्हणून मालकाने घर पडू द्यावे काय? येथे त्याची बाजू संपते. जागा खाली करून घ्यावयाची तर न्यायालयात स्वतःची खरीखुरी गरज सिद्ध करावी लागते आणि ताबा दिल्याने अधिक हाल कोणाचे होतील, हेही तोलले जाते. कौले न चाळता चार पावसाळे काढले, की या साऱ्यातून सुटका होते. घर धोकादायक ठरते, नगरपरिषदेचा पाडण्याचा आदेश येतो आणि तोच आदेश ताब्याचे कारण बनतो. न्यायाधीशाने जे दिले नसते ते पावसाने मिळवून द्यावे, हा हिशेब कायद्यात बसत असला तरी नीतीत बसत नाही.

वस्तुतः १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने पुराचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पुराने जागा कायमची निकामी झाली, तर भाडेपट्टा संपविण्याचा पर्याय भाडेकरूचा आहे, मालकाचा नव्हे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला, की इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. हक्क राहतो, पण बिऱ्हाड कोठे राहणार? मोकळ्या जोत्यावर स्वयंपाक होत नाही, आणि दाव्याच्या तारखा पडत असताना मुलांची शाळा थांबत नाही.

मुंबई शहरातील जुन्या चाळींसाठी १९६९ पासून उपकर आहे, त्यातून दुरुस्ती करणारे मंडळ आहे. ते कसे चालते हा वेगळा विषय. निदान ते आहे. कोकणातल्या नगरांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. चिपळुणात तर निळ्या-लाल पूररेषांच्या वादाने नवे बांधकामही अवघड केले. अशा गावात मालकाला परवडेल असे भाडे आणि त्या भाड्याशी जखडलेली दुरुस्ती, या दोन्ही गोष्टी एकदमच आणाव्या लागतील. नुसते भाडे वाढविले तर भाडेकरू बुडेल, नुसते गोठविले तर घर.

तोवर नगरपरिषदेला एक काम करता येण्याजोगे आहे. धोकादायक घराची नोटीस बजावण्यापूर्वी आतली बिऱ्हाडे आणि प्रत्येकाची जागा मोजून नोंदवावी, आणि त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत भाडेकरूच्या हाती द्यावी. त्यासाठी एक कारकून आणि एक मोजपट्टी पुरेल.