रॅस मत्स्यांची ओळख : जाती, लिंग आणि अवस्था

मत्स्यालयातील एखाद्या रंगीत माशाची ओळख पटविताना निरीक्षक प्रथम त्याच्या वर्णाकडे पाहतो. अनेक मत्स्यकुलांच्या बाबतीत ही सवय फारशी बाधक ठरत नाही. लॅब्रिडी कुलातील, म्हणजे ज्यांस रॅस म्हणतात त्या माशांच्या बाबतीत मात्र ती हमखास चुकीच्या मार्गास नेते. या कुलात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ जातींत पिल्लू, मादी व पूर्ण वाढलेला नर यांचे वर्ण परस्परांहून इतके भिन्न असतात की, तीन निराळ्या जाती समोर आहेत असे वाटावे. म्हणून ‘ही जाती कोणती?’, ‘अवस्था कोणती?’ आणि ‘लिंग कोणते?’ हे प्रश्न अलग करून याच क्रमाने सोडविणे इष्ट होय.

या बाबतीत पूर्वसूरींचीही फसगत झालेली आहे. भूमध्य समुद्रातील कोरिस जुलिस या माशाचे वर्णन लिनियस यांनी १७५८ मध्ये केले. पुढे १८१० मध्ये नीस येथील निसर्गशास्त्रज्ञ रिसो यांनी त्याच समुद्रातील एका तपकिरी पाठीच्या, फिकट पोटाच्या माशास ‘जिओफ्रेडी’ असे स्वतंत्र जातिनाव दिले. हा दुसरा मासा म्हणजे पहिल्याचीच आरंभिक अवस्था होय, हे कालांतराने स्पष्ट झाले. वर्णनात उणीव नव्हती. वर्णास जातिलक्षण मानले, येथेच प्रमाद घडला.

१. जातिनिश्चय

वर्ण बदलतो, पण पक्षांतील कंटकांची संख्या, खवल्यांची मांडणी, दातांची ठेवण व पार्श्वरेखेचा मार्ग ही लक्षणे त्या मानाने स्थिर राहतात. थॅलॅसोमा प्रजातीच्या पृष्ठपक्षात आठ कंटक असतात, तर हॅलिकीरिस व कोरिस या प्रजातींत नऊ. हॅलिकीरिसच्या पार्श्वरेखेवर सुमारे सत्तावीस खवले आढळतात. कोरिस प्रजातीचे खवले बारीक असल्यामुळे तेथे ही संख्या पन्नासाच्या वर जाते. या दोन्ही प्रजातींत पार्श्वरेखा शरीराच्या मागील भागी एकाएकी खाली वळते, पण अखंड असते. सिऱ्हिलॅब्रस व चायलिनस या प्रजातींत ती मध्येच तुटून खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. प्रजाती अशा रीतीने निश्चित झाल्यावरच वर्णाचा पुरावा हाती घ्यावा.

वर्णावर विसंबण्याचा धोका सफाई करणाऱ्या रॅसच्या उदाहरणाने उत्तम कळतो. लॅब्रॉइडिस डिमिडिएटस हा मासा इतर माशांच्या अंगावरील परजीवी खातो. त्याचा निळा वर्ण, काळा पट्टा व नाचरी चाल यांची हुबेहूब नक्कल करणारा ॲस्पिडोंटस टीनिएटस हा मासा रॅस नसून ब्लेनी गटातला आहे. दोघांना वेगळे करणारे लक्षण मुखाचे : रॅसचे तोंड मुस्कटाच्या टोकाशी असते, नक्कल करणाऱ्याचे मुस्कटाच्या खालच्या अंगास.

२. अवस्थानिश्चय

कोरिस गैमार्ड या पॅसिफिकमधील जातीचे पिल्लू नारिंगी-तांबडे असून त्याच्या पाठीवर काळ्या कडांचे पांढरे ठिपके खोगिरासारखे बसलेले असतात. प्रौढाचे शरीर गडद, त्यावर चकाकणारे निळे ठिपके आणि शेपूट पिवळे. याच प्रजातीतील कोरिस आयग्युला हिचे पिल्लू पांढरट, पाठीवर दोन नारिंगी डाग व पृष्ठपक्षावर दोन नेत्राकार चिन्हे असलेले. मोठा नर मात्र गडद हिरवट व कपाळावर उंचवटा असलेला. संक्रमणकाळात दोन्ही वर्ण एकाच शरीरावर मिसळलेले दिसतात. असा नमुना संकर किंवा नवी जाती म्हणून नोंदविण्यापूर्वी लहान-मोठ्या नमुन्यांची मालिका मांडून पाहणे अगत्याचे आहे.

लांबीवरून अवस्था ठरविणेही सर्वस्वी सुरक्षित नाही. रॅसचा वर्णबदल केवळ वयाने होत नसून समूहातील स्थानावरही अवलंबून असतो.

३. लिंगनिश्चय

खरी अडचण येथे आहे. बहुसंख्य रॅस प्रथम मादी व नंतर नर होतात. वेस्ट इंडीजच्या प्रवाळभित्तींवरील थॅलॅसोमा बायफॅसिएटम ही जाती या दृष्टीने सर्वांत अधिक अभ्यासिली गेली आहे. तिच्या आरंभिक अवस्थेतील मासे पिवळे असतात; अंतिम अवस्थेतील माशाचे डोके निळे, धड हिरवे व दोहोंमध्ये काळे-पांढरे पट्टे. निळ्या डोक्याचा प्रत्येक मासा नर असतो. परंतु पिवळा प्रत्येक मासा मादी नसतो. त्यांत जन्मतः नर असलेले, म्हणजे प्राथमिक नरही असतात. ते मादीच्याच वेषात वावरून समूहाने प्रजोत्पादन करतात. मोठ्या प्रवाळभित्तींवर त्यांचे प्रमाण अधिक असते, लहान भित्तींवर अल्प. सबब ‘पिवळा, म्हणून मादी’ या नोंदीची विश्वसनीयता नमुना कोठून पकडला यानुसार बदलते.

वर्तनाचा पुरावाही अपुरा आहे. सफाई करणाऱ्या रॅसच्या समूहात एक नर व अनेक माद्या असतात. रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरियर रीफवर केलेल्या व १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे आढळले की, नर नाहीसा होताच सर्वांत बलिष्ठ मादी काही तासांतच नराप्रमाणे वागू लागते; शुक्रनिर्मितीस मात्र सुमारे दोन आठवडे लागतात. या मधल्या काळात वर्तन नराचे आणि जननग्रंथी अपक्व असते. गॉडविन, क्रूझ व वॉर्नर यांनी १९९६ मध्ये दाखविले की, बायफॅसिएटम जातीच्या माद्यांचे अंडाशय काढून टाकले तरी अनुकूल सामाजिक परिस्थितीत त्या नराचे वर्तन करतात. अर्थात वर्तन हे समूहातील स्थान सांगते, जननग्रंथीची स्थिती नव्हे.

अंतिम निर्णय ऊतिपरीक्षेनेच होतो. मादीपासून बनलेल्या दुय्यम नराच्या वृषणात पूर्वीच्या अंडाशयाची पोकळी शिल्लक राहते व शुक्रवाहक पोकळ्या भित्तीत असतात. प्राथमिक नरात तशी पोकळी नसते. हा भेद स्पष्ट करण्यात राइनबोट यांच्या १९६२ च्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे.

४. नोंदीची पद्धत

यास्तव मत्स्यालयातील जिवंत नमुन्याची नोंद करताना जाती, वर्णावस्था व लिंग यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत. ऊतिपरीक्षा झालेली नसेल तेथे ‘मादी’ न लिहिता ‘आरंभिक अवस्था’ एवढेच लिहावे. जिवंतपणीचे छायाचित्र अवश्य घ्यावे, कारण परिरक्षक द्रवात वर्ण लवकरच नष्ट होतात. नमुना एकटा होता की समूहात, हेही नमूद करावे.

हा काटेकोरपणा केवळ संग्रहालयापुरता नाही. चायलिनस अंड्युलेटस हा या कुलातील सर्वांत मोठा मासा संकटग्रस्त असून २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारान्वये नियंत्रण आहे. व्यापारात सापडणारे त्याचे पिल्लू प्रौढासारखे दिसत नाही. डोळ्यामागे जाणाऱ्या दोन काळ्या रेषा ही त्याची खूण. ती न ओळखल्यास नियंत्रण कागदावरच राहते. तसेच ज्या जातींत मोठे, देखणे नरच वेचून पकडले जातात, तेथे प्रत्येक नरामागे एक प्रजननक्षम मादी नर होऊन अंडी देण्याचे थांबविते. पकडलेल्या माशांची अवस्था नोंदलेली नसेल, तर ही हानी मोजण्याचे साधनच आपल्या हाती उरत नाही.